गेमचं आर्टबुक: साडेतीन हजारांचं चित्रांचं पुस्तक घ्यावं का?

ऐरोलीची_मावशी

नमस्कार मंडळी. माझा भाचा शिकायला आमच्याकडे असतो, सेक्टर आठमध्ये. दहावीला बरे मार्क पडले तर तुला हवं ते घेऊन देईन असं मी बोलून बसले होते. मार्क पडले. मला वाटलं मोबाईल नाहीतर सायकल मागेल. साहेबांनी मागितलं काय, तर पुस्तक! तेही अभ्यासाचं नाही, कथा-कादंबरीही नाही. ‘झेल्डा’ नावाच्या गेमच्या चित्रांचं पुस्तक. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चं, चारशेच्या वर पानं, जाडजूड, इंग्रजीत. ऑनलाइन किंमत साडेतीन हजारांच्या आसपास दाखवतंय.

गंमत अशी की तो गेम ज्या यंत्रावर चालतो ते यंत्रच आमच्या घरात नाही. मित्राकडे जाऊन खेळतो, बाकीचं यूट्यूबवर बघतो. मिस्टरांचं म्हणणं, ज्या गाडीची चावी आपल्याकडे नाही तिचं कॅटलॉग कशाला विकत घ्यायचं? मी त्याच्याकडून आतली दोन-चार पानं मोबाईलवर बघितली. एका पानावर नुसत्या ढाली. दुसऱ्यावर एकाच माणसाचे कपडे, पुढून-मागून. मला खरंच कळेना की यात एवढं जीव टाकण्यासारखं काय आहे.

तो चित्रं बरी काढतो, हे खरं. शब्द दिलाय, त्यामुळे मागे हटणार नाही. पण ज्यांच्याकडे अशी पुस्तकं आहेत त्यांनी सांगा, ती परत परत उघडली जातात का? की आठवडाभर मिरवायची आणि मग कपाटावर?

घणसोली_घिसाडी

मावशी, ती सगळी चित्रं नेटवर फुकट पडलेली असतात. साडेतीन हजारांत चांगला हेडफोन येईल. पुस्तक घेऊन तो गेमच खेळणार आहे का? नाही ना. मग.

नेपथ्यवाला_नौपाडा

मावशी, मी गेम खेळत नाही. बोटं तेवढी भराभर चालत नाहीत आणि चष्मा लावूनही कुठलं बटण कशाला ते लक्षात राहत नाही. तरी आमच्या घरी अशा पुस्तकांचा एक अख्खा खण भरलेला आहे. मुलीचा. ती आता नोकरीला बंगळुरूला असते आणि खण माझ्या ताब्यात आलाय. सुट्टीला आली की आधी मोजून बघते.

माझा धंदा नेपथ्याचा. नाटकांचे सेट, गणपतीत मखरं, मधल्या काळात लग्नाची स्टेजं, कुणी बोलावलं तर सिरियल. त्यामुळे मी ही पुस्तकं बघतो ती त्या डोळ्यांनी, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिलं हातात घेतलं ते ‘द लास्ट ऑफ अस’चं, 2013 सालचं. त्या गोष्टीत बुरशीच्या साथीने जग ओस पडलंय आणि वीस वर्षांनंतरची शहरं दाखवलीत. मी पान उलटलं आणि तिथेच थांबलो. एक बैठकीची खोली. माणसं निघून गेलेली. आता उजाड घर काढ म्हटलं तर आमच्यातला नवशिका काय करील? जाळी लावील, भिंतीला पोपडे काढील, एक मोडकी खुर्ची आडवी टाकील. झालं उजाड घर. इथे चित्रकाराने आधी ठरवलेलं असतं की माणसं गेली कशी. घाईत गेली की आवरून गेली? पावसाचं पाणी आत आलं ते कुठल्या खिडकीतून? मग शेवाळ त्याच बाजूला चढणार, गवत तिथेच उगवणार, आणि खुर्ची आडवी पडली असेल तर तिला कुणीतरी पाडलेलं असणार. भिंत बघून घरात काय झालं ते वाचता आलं पाहिजे. हेच मी आमच्या पोरांना गेली कित्येक वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. त्या पुस्तकातलं एक पान समोर धरलं की माझा अर्धा तास वाचतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. खेळणाऱ्याने डावीकडच्या दारातून जावं असं वाटत असेल तर तिथे बाण काढून ठेवत नाहीत. दाराशी थोडा उजेड सोडतात, बाकीची खोली अंधारात ढकलतात. माणूस आपल्या पायाने तिकडे जातो आणि त्याला वाटतं, मीच शोधलं! आम्ही दुसरं काय करतो? नायिका जिन्यावरून उतरणार असेल तर पडदा वर जाताना प्रेक्षकाची नजर आधीच जिन्यावर गेलेली असली पाहिजे. स्पॉट नंतर.

आणि आकार. 2007 मध्ये ‘टीम फोर्ट्रेस 2’ नावाचा गेम आला, त्यात नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत. त्या चित्रकारांनी ठरवलं की प्रत्येकाला नुसतं काळं करून टाकलं, चेहरा नाही, रंग नाही, तरी लांबून बघणाऱ्याने तो कोण ते ओळखलं पाहिजे. मुलीने मला ती नऊ काळी चित्रं दाखवली आणि मी मोठ्यांदा हसलो. अहो, ही तर आमची बाल्कनीची शेवटची रांग! ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात वरून शेवटच्या रांगेतून नटाचं नाक दिसत नाही, खांदे दिसतात, पगडीचा घेर दिसतो, चाल दिसते. पात्र तेवढ्यावर उभं राहिलं पाहिजे. मुलीचं म्हणणं, बाबा, तुम्ही कुठल्याही गोष्टीत नाटक आणता. आणतो. दुसरं येत नाही.

आता तुमच्या मुद्द्यावर. नेटवर फुकट मिळतं असं वर कुणीतरी म्हणालंय. मिळतं ते शेवटचं, रंगवून पुसून तयार झालेलं चित्र. जाहिरातीला लावतात ते. त्यासाठी मीही पुस्तक घेणार नाही. पुस्तक घ्यायचं ते फेकून दिलेल्या चित्रांसाठी. एका दाराची काडेपेटीएवढी दहा-वीस चित्रं एका पानावर, त्यातलं एक घेतलेलं, बाकीची गेली. नुसतं गेली नाही, बाजूला दोन ओळीत कारण: हे फार देवळासारखं दिसत होतं, हे चढून जायला अवघड वाटलं. गेममध्ये तुम्हाला ते एकच दार दिसतं आणि वाटतं ते असंच असणार होतं. असणार नव्हतं! कुणीतरी बसून, खोडून, वैतागून तिथवर आलेलं असतं. तुमच्या भाच्याच्या वयाच्या मुलाला हे बघायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे. या वयात मुलं एक चित्र काढतात, ते बिघडलं की वही फाडतात.

मला तर या पुस्तकांचा हेवा वाटतो. आमच्याकडे प्रयोग थांबले की सेट गोडाऊनला, आणि महिन्याभरात त्याच फ्लॅटवर, म्हणजे सेटच्या भिंतीच्या चौकटीवर, पांढरा हात मारून पुढच्या नाटकाची भिंत. आधीची भिंत कशी होती ते विचारायला गेलात तर फार तर कुणाच्या मोबाईलमध्ये अंधारा फोटो सापडेल. कच्ची चित्रं, ग्राउंड प्लॅन, पुठ्ठ्याचं मॉडेल कुणी जपत नाही. माझ्या एका मोठ्या नाटकाची सगळी रेखाटनं निर्मात्याने ‘स्मरणिकेसाठी’ म्हणून नेली. स्मरणिका निघाली, त्यात प्रायोजकांच्या जाहिराती आणि निर्मात्याचा फोटो. रेखाटनं अजून यायचीत.

परत उघडलं जातं का म्हणता? आमच्या वडिलांनी दिवाळी अंक जपून ठेवले होते, दीनानाथ दलालांचे ‘दीपावली’चे. त्यातल्या कथा घरात कुणी दुसऱ्यांदा वाचल्याचं मला आठवत नाही. चित्रं मात्र आम्ही भावंडांनी इतकी बघितली की मुखपृष्ठं सुटी झाली. दलालांनी साडीचा काठ एका फटकाऱ्यात कसा काढलाय हे मला अजून डोळे मिटून सांगता येईल. पोरगं चित्रं काढणारं असेल तर तो गेम विसरेल, पुस्तक नाही विसरणार.

कोपरीकर

नेपथ्यवाले काका, सलाम. माझा अनुभव वेगळ्या टोकाचा, पण जमतो.

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम असायचा, त्यात पिवळी नाहीतर काळी कॅसेट खुपसायची. नाही चालली की काढून फुंकायची. ‘9999 इन 1’ लिहिलेलं असायचं आणि आत फिरून फिरून तेच दहा-बारा खेळ. पण त्या कॅसेटवरचा स्टिकर! ‘कॉन्ट्रा’च्या चित्रात दोन पिळदार गडी, मागे राक्षस, आग. टीव्हीवर ते दोघं बोटाच्या पेराएवढे ठिपके, एक निळा एक लाल. आम्ही ठिपके खेळायचो आणि डोक्यात स्टिकर चालू असायचा.

हे आम्हीच भारतात करत होतो असं नाही. ‘फायनल फँटसी’ 1987 मध्ये जपानात आला तेव्हा पात्रांची चित्रं योशिताका अमानो या चित्रकाराने काढली. जलरंग, शाई, रेशमासारखे वाहणारे केस, हवेत विरून जाणारे अंगरखे. आणि पडद्यावर काय? सोळा ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच माणूस. अंगरखा कुठला, डोळे दिसले तरी नशीब. त्याच्या चित्रांचा ‘द स्काय’ नावाचा संच 2013 मध्ये इंग्रजीत निघाला. माझ्या मेव्हण्याकडे आहे. तो बघताना मला पहिल्यांदा कळलं की त्या ठिपक्यांच्या मागे काय होतं. आताचे गेम चित्रापेक्षा खरे दिसतात, त्यामुळे आताच्या पोरांना ती मजा तशीच येत असेल का, मला शंका आहे. काकांचं फेकलेल्या चित्रांचं म्हणणं मात्र पटलं.

घणसोली_घिसाडी

काका, तुमचं वाचलं. ठीक आहे, हेडफोन मागे घेतो. पण सगळी पुस्तकं तशी नसतात. मी एका शूटिंग गेमच्या स्पेशल एडिशनबरोबर आलेलं बघितलंय. नुसते बंदुकीचे क्लोजअप आणि लोगो. शब्द एक नाही.

सारिका_सीवूड्स

घिसाडी बरोबर बोलतोय, म्हणून मी लिहितेय. मी कॉन्सेप्ट आर्टिस्ट आहे, गेमच्या वातावरणाची चित्रं काढते. बहुतेक काम बाहेरच्या देशांतल्या स्टुडिओंसाठी. कुठल्या गेमचं ते सांगता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असतं. आई शेजारणीला सांगते, ‘मुलगी कम्प्युटरवर डोंगर काढते.’ तेवढंच सांगता येतं.

त्यामुळे आर्टबुक आमच्यासाठी काय आहे ते बघा. वर्षभर काढलेल्या शेकडो चित्रांपैकी काही तिथे छापून येतात आणि जमलं तर खाली नाव असतं. जमलं तर. पुष्कळ पुस्तकांत चित्राखाली नावच नसतं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात यादी. बाहेरून काम करणाऱ्यांचं तिथेही असेलच असं नाही. मी पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा हे बघते. ज्याने नाव दिलंय त्याने बहुधा बाकीचंही मनापासून केलेलं असतं.

मावशी, भाच्याने मागितलेलं पुस्तक चांगलं आहे, त्याची निवड चुकलेली नाही. त्यात करणाऱ्यांनी स्वतः सांगितलेलं भरपूर आहे. हाच गेम बनवताना सुरुवातीला काय काय चाललं होतं ते निन्टेन्डोच्या लोकांनी 2017 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये दाखवलं होतं. उडत्या तबकड्या आलेल्या, नायक मोटारसायकलवर बसलेला, असली चित्रं! अर्थात गेममध्ये यातलं काही गेलं नाही. आणि मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जी जादा भर विकायला आली तिच्यात नायकाला खरंच मोटारसायकल मिळाली. आमच्याकडे म्हणून कुणी फाइल डिलीट करत नाही.

चित्र काढणाऱ्या मुलाला अजून एक सुचवेन, यापुढच्या वाढदिवसाला वगैरे. ‘कपहेड’चं आर्टबुक, 2020 चं. तो गेम 1930 च्या दशकातल्या कार्टूनसारखा दिसतो, आणि ते दिसणं कम्प्युटरवर नक्कल करून आणलेलं नाही. पात्रं कागदावर पेन्सिलीने काढून त्यावर शाई, मागची दृश्यं जलरंगात. सेकंदाला चोवीस चित्रं. घरात टॅब्लेट नाही म्हणून अडलंय असं ज्या मुलांना वाटतं त्यांना मी हेच दाखवते.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी’ नावाचा गेम केला. त्याची चित्रं पहाडी लघुचित्रांच्या वळणाची, वास्तू राजस्थानी. भाच्याला तो बघायला सांगा. नंतर मुंबईला जाल तेव्हा फोर्टातल्या म्युझियममध्ये खरी लघुचित्रं दाखवा, म्हणजे कुठून काय उचललं ते त्याचं त्याला दिसेल. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा परदेशी गेम तर बराचसा पश्चिम घाटातच घडतो, होयसळ देवळांसकट. माझ्या एका मित्राने त्यातलं जंगल बघून विचारलं होतं, आपल्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एवढा धबधबा कुठाय? तर, परदेशी चित्रकाराने आपल्या गोष्टीतलं काय घेतलं आणि काय मनाचं घातलं ते ताडून बघणं हा चांगला अभ्यास आहे, फुकटातला.

एक तक्रारही नोंदवते. स्क्रीनवरचा जळजळीत निळा आणि हिरवा कागदावर तसा येत नाही. चार शाईंच्या छपाईत तो रंग बसतच नाही, थोडा मरतो. भाच्याला आधीच सांगा, नाहीतर पहिल्या दिवशी हिरमुसेल. दुसरं म्हणजे दोन पानांवर पसरलेली चित्रं. सगळ्यात सुंदर चित्र नेमकं तसं छापतात आणि नेमका चेहरा शिलाईत जातो. हे कोण ठरवतं, मला त्याला भेटायचंय.

किंमत जास्त वाटते त्याला कारण छपाई परदेशातली. 2019 च्या बजेटपासून बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर 5 टक्के कस्टमही आहे. जड पुस्तक, त्यामुळे वाहतूक वेगळी. किंमत वरखाली होत असते, आठवडाभर नजर ठेवा.

भाच्याला माझ्याकडून एकच सांगा: त्यातली मोठी रंगीत चित्रं बघून काढू नकोस. ती काढायला सगळेच बसतात. ती काडेपेटीएवढी काळी-पांढरी चित्रं काढ, रोज एक पान.

ऐरोलीची_मावशी

बाई गं, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सगळं त्याला वाचायला दिलं. नेपथ्यवाल्या काकांचं त्याने दोनदा वाचलं आणि नंतर आमच्या हॉलकडे असं काही बघत बसला की मी विचारलं, काय रे? तर म्हणे, आपल्या घरात कुणी नसलं तर ओल कुठल्या भिंतीला आधी येईल? मी म्हटलं, यायला कशाला पाहिजे, आलेलीच आहे, त्या पश्चिमेच्या.

मिस्टर अजून गाडीच्या कॅटलॉगवरच आहेत. पण नऊ काळ्या चित्रांचं त्यांना आवडलं. काल सोसायटीच्या गेटवर लांबून येणाऱ्या माणसांना चालीवरून ओळखत होते.

ओलीवरून आठवलं. आमच्याकडे खाडीची हवा, पावसाळ्यात चपला हिरव्या होतात. साडेतीन हजारांच्या पुस्तकाचं काय होईल? आणि आल्यावर काय तपासायचं?

नेपथ्यवाला_नौपाडा

मावशी, त्या पश्चिमेच्या भिंतीला कपाट असेल तर त्यात अजिबात ठेवू नका. हा गुळगुळीत आर्ट पेपर असतो, त्याच्यावर मुलामा असतो. पाणी लागलं की पानाला पान चिकटतं आणि सोडवायला गेलात तर चित्र सोलून निघतं. मुलीचं एक पुस्तक तसंच गेलं, खिडकीशी होतं. प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, आत दमट राहतं आणि बुरशी धरते. आतल्या भिंतीच्या कपाटात, जड पुस्तक असल्यामुळे आडवं, आणि शेजारी नव्या बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळी टाकलीत तर कागदाला टेकू देऊ नका. श्रावणातल्या उघडिपीला पंख्याखाली पानं फिरवायची. तो तर रोजच उघडणार म्हणा, मग काहीच करायला नको. वापरातल्या पुस्तकाला कसर लागत नाही.

आल्यावर कोपरे बघा. जड पुस्तकं पातळ खोक्यात पाठवतात आणि कोपरा चेपलेला येतो. मग साधारण मधोमध उघडून शिलाई बघा. दोरा दिसला तर उत्तम. नुसता गोंद असेल तर दोन-चार ठिकाणी हलकेच उघडून पान सुटत नाही ना ते तपासा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ भाच्याला काढायला सांगा, नंतर वाद नको.

आणि रविवारी दुपारी आमच्या नाटकाचा प्रयोग असला की मी सकाळपासून गडकरीला सेट लावत असतो. भाच्याला घेऊन मागच्या दाराने या, येण्याआधी इथे निरोप टाका. येताना त्याची चित्रांची वही आणायला सांगा. चांगली चित्रं नकोत, बिघडलेली आणा.